संगणकाच्या वेशीवरील रात्रपहारा

पहाऱ्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. लढायांचा लिहितात, तहांचा लिहितात, राजवाड्यांतील कारस्थानांचा तर अतिशय आवडीने लिहितात. परंतु ज्या रात्री काहीच घडले नाही त्या रात्रीची नोंद ठेवावी असे बखरकाराला क्वचितच वाटते. पहारा चुकला म्हणजे मात्र पहारेकऱ्याचे नाव निघते. आज आम्ही ज्या पहाऱ्याची हकीकत सांगणार आहोत तो तर अधिकच अदृश्य आहे. त्याला तट नाही, बुरूज नाही, मशाल नाही. एका बंद खोलीत, थंड हवेत, उजळलेल्या पडद्यांसमोर काही माणसे आठ-आठ तास बसतात आणि हजारो कोस दूर असलेल्या यंत्रांच्या दारांवर नजर ठेवतात.

ही माणसे आपल्याला अनोळखी नाहीत. पुण्याच्या हिंजवडीकडे किंवा मगरपट्ट्याकडे रात्री जाणाऱ्या मोटारींतून जे तरुण-तरुणी दिसतात, त्यांतील काही याच कामावर निघालेली असतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत अशी की, हे सारे परदेशच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलावयास जातात. आईवडिलांनाही पुष्कळदा याहून जास्त सांगता येत नाही. त्यांच्या हुद्द्याचे नाव नेटवर्क सिक्युरिटी इंजिनियर, आणि त्यांच्या खोलीचे नाव सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. बोलण्यात नुसते ‘सॉक’. अहोरात्र चालणारे हे ठाणे आले कोठून, त्याची रीत कशी पडली, आणि एवढा पहारा असूनही चोऱ्या का होतात, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते. कारण आता आपली ठेव, आपले वेतन, आपल्या इस्पितळाचे कागद ही सर्व त्याच दारांच्या आत आहेत.

या खोलीचा मूळपुरुष पहारेकरी नव्हता, दुरुस्ती करणारा होता. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट हे संगणकांचे पहिले मोठे जाळे सुरू झाले. त्याची सांध्यावरची यंत्रे मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने बनविली होती. यंत्रे देशभर पसरलेली आणि ती जाणणारी माणसे एकाच गावी, अशी अडचण होती. म्हणून प्रत्येक यंत्राने ठराविक वेळाने ‘मी ठीक आहे, माझ्या तारा ठीक आहेत’ असा निरोप केंब्रिजला धाडावा अशी योजना झाली आणि ते निरोप वाचण्यासाठी एक नियंत्रण केंद्र निघाले. त्याची गंमत अशी की, देशाच्या दुसऱ्या टोकाला एखादी तार बिघडली तर टेलिफोन कंपनीच्या आधी ती केंब्रिजच्या माणसांना कळे. आणि ती फोन करून सांगू लागली की टेलिफोनवाल्यांचा प्रथम विश्वासच बसत नसे. आपल्या दारातली तार तुटल्याचे परगावचा मनुष्य सांगतो, हे पटावे तरी कसे? ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. दूर बसलेल्याला आधी कळते आणि जवळच्याला ते पटत नाही, हा प्रकार पुढे पुन्हा भेटणार आहे.

त्या काळी भीती होती ती बिघाडाची, चोराची नव्हती. जाळ्यावरचे लोक एकमेकांना ओळखणारे, बहुतेक विद्यापीठांतले. वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंनी दिवसा दारे उघडी टाकावीत तसा सारा व्यवहार होता.

चोर पहिल्याने नीट पाहिला तो एका खगोलशास्त्रज्ञाने. क्लिफर्ड स्टोल हे कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत होते. खगोलाच्या कामाचा निधी आटला म्हणून त्यांची रवानगी संगणक विभागात झाली होती. ऑगस्ट १९८६ मध्ये संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. तो का आला हे शोधण्याचे काम नव्या माणसाकडे म्हणून त्यांच्याकडे आले. पाऊण डॉलर ती काय रक्कम! परंतु हिशेब जुळेना म्हणून ते खोलात शिरले, तेव्हा असे दिसून आले की कोणी परका मनुष्य आत येऊन यंत्र वापरून जातो. स्टोल यांनी त्याला हाकलून दिले नाही. शनिवार-रविवारची संधी साधून त्यांनी सहकाऱ्यांच्या मेजांवरील छपाईयंत्रे उचलून आणली, बाहेरून येणाऱ्या सुमारे ५० टेलिफोनच्या जोडण्यांना ती लावली आणि स्वतः तेथेच मेजाखाली पथारी टाकली. सकाळी एका यंत्रातून कागदाची लांबलचक पट्टी बाहेर आली होती. तिच्यावर पाहुण्याने रात्री दाबलेले एकेक अक्षर उमटले होते.

पुढे त्यांनी अशी सोय केली की तो पाहुणा आत येताच खिशातील पेजर वाजावा. सर्व हकीकत ते तारीखवार वहीत उतरवीत. माग काढता काढता धागा पश्चिम जर्मनीतील हानोव्हरपर्यंत गेला. परंतु तेथील जुन्या टेलिफोन केंद्रात तारेचा माग हातानेच काढावा लागे, त्याला वेळ हवा, आणि पाहुणा तर काही मिनिटांत निघून जाई. म्हणून खोट्या लष्करी कागदपत्रांचे आमिष रचून त्याला गुंतवून ठेवण्यात आले. तो मार्कुस हेस नावाचा तरुण निघाला. त्याने व त्याच्या साथीदारांनी चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेरखात्याला विकली होती. १९९० मध्ये त्यांना शिक्षा झाली. या प्रकरणावर स्टोल यांनी १९८९ साली जे पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘द कक्कूज एग’. दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालणाऱ्या पक्ष्याची उपमा कावळा-कोकिळेच्या आपल्या देशात कोणाला समजावून सांगावी लागू नये.

आम्हांला या हकीकतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. स्टोल यांनी अमेरिकेच्या संघीय पोलिसांना फोन केला तेव्हा पहिला प्रश्न झाला, नुकसान किती? ७५ सेंट म्हटल्यावर पुढे बोलणेच खुंटले. पहाऱ्याची सर्व आयुधे त्या एका माणसाने एकट्याने उभी केली: घंटा, नोंदवही, आमिष, रात्रीचा जागता माणूस. फक्त एक गोष्ट त्यांना उभी करता आली नाही. ती म्हणजे, त्यांचे ऐकून घेणारे कोणी.

ते ऐकून घेणारे कार्यालय दोन वर्षांनी निघाले, आणि तेही एका विद्यार्थ्याच्या उपद्‌व्यापामुळे. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच स्वतःच्या प्रती काढीत पसरणारा एक प्रोग्राम जाळ्यात सोडला. त्याच्या अपेक्षेहून तो फार वेगाने पसरला. त्या वेळी इंटरनेटवर सुमारे ६० हजार यंत्रे होती असे मानतात. त्यांपैकी ६ हजारांच्या आसपास यंत्रे त्याने लुळी केली, असा अंदाज प्रसिद्ध झाला. मॉरिसच्या एका मित्राने पहाटे साडेतीनच्या सुमारास निनावी निरोप धाडून उपाय कळविला होता. परंतु तो धाडला त्याच जाळ्यावरून! रस्ते तुंबलेले, दारे लोकांनी घाबरून लावून घेतलेली. निरोप दिवसाहून अधिक काळ कोठेतरी अडकून पडला. रोग्यापर्यंत औषध नेणारी वाटच रोगाने बंद केली होती.

त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या संशोधन संस्थेने पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एक समन्वय केंद्र स्थापले. त्याचा फोन चोवीस तास उचलला जाईल अशी व्यवस्था होती. साधा फोन, परंतु आमच्या मते या इतिहासातील ती सर्वांत मोठी सुधारणा होय. आपल्याकडील सर्ट-इन हे राष्ट्रीय केंद्र त्याच धर्तीवर जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. मॉरिसला पुढे तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. तो आता मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रविद्यापीठात प्राध्यापक आहे, असो.

घंटा आपोआप वाजावी ही कल्पना याआधीचीच. जेम्स अँडरसन यांनी १९८० साली एका अहवालात सुचविले होते की, यंत्र स्वतःच्या वापराच्या नोंदी ठेवतेच, त्या नोंदी चाळून परक्याचा माग काढावा. १९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी त्याला शास्त्राचे रूप दिले. प्रत्येक माणसाच्या वागण्याला एक सवय असते. कारकून सकाळी दहाला येतो, ठराविक फायली उघडतो, सहाला जातो. हाच कारकून पहाटे तीनला येऊन सगळी कपाटे उघडू लागला तर तो कारकून नव्हे. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियात तारेवरची वाहतूकच ऐकणारे यंत्र तयार झाले. पुढे फायरवॉल, सर्व्हर, टपाल, दरवाजाचे कार्ड, या सर्वांच्या नोंदी एका ठिकाणी ओतून त्यांचा परस्परांशी मेळ घालणारी यंत्रणा निघाली, आणि ती जेथे बसविली त्या खोलीला आजचे स्वरूप आले.

त्या खोलीची रीत थोडक्यात सांगतो. दिवसाच्या तीन पाळ्या. पहिल्या पायरीवरचा इंजिनियर घंटा पाहतो, खरी-खोटी निवडतो; संशय आला की दुसऱ्या पायरीवर देतो; तिसऱ्या पायरीवर मुरलेली माणसे. पाळी बदलताना चार्ज द्यावयाचा, अर्धवट राहिलेले तपास नोंदवून द्यावयाचे. येथे हयगय झाली तर चोराला दोन पाळ्यांमधली फट सापडते. एक खुर्ची अहोरात्र भरलेली ठेवावयाची तर माणसे किती लागतात? आठवड्याचे तास १६८. एक मनुष्य ४० तास बसला तर चारांहून अधिक. रजा, आजारपण, शिक्षण धरले की पाच. म्हणजे चार खुर्च्यांच्या लहानशा ठाण्याला वीस माणसे हवीत. हा हिशेब पुढे उपयोगी पडणार आहे.

आता खोट्या घंटेचा हिशेब. समजा, एखाद्या संस्थेत दिवसाला दहा लक्ष नोंदी होतात आणि त्यांतील दोन चोराच्या आहेत. घंटा उत्तम आहे, हजारांत एकदाच चुकते. तरीही दिवसाला एक हजार खोट्या घंटा वाजणार आणि दोन खऱ्या. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतला मुलगा लबाड होता. येथला मुलगा प्रामाणिक आहे, फक्त तो दिवसातून हजार वेळा ओरडतो. रात्री साडेतीनला, डोळे चुरचुरत असताना, नऊशेव्या घंटेकडे पहिल्या घंटेइतक्याच आस्थेने पाहणे हे या धंद्यातील खरे कष्ट होत. त्या कष्टांना बाहेरून कोणी कष्ट म्हणत नाही, कारण मनुष्य बसलेला दिसतो.

परंतु घंटा ओळखली तरी पुरत नाही. अमेरिकेतील टार्गेट या प्रचंड दुकानसाखळीत २०१३ च्या नोव्हेंबरअखेरीस, नाताळच्या खरेदीच्या ऐन हंगामात, चोर शिरले आणि सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती घेऊन गेले. त्या कंपनीने काही महिन्यांपूर्वीच मोठ्या खर्चाने नवी घंटा बसविली होती. तिच्यावर नजर ठेवणारे पथक बंगळुरूत होते. अमेरिकेतील वृत्तपत्रांनी २०१४ मध्ये उघड केले की, ३० नोव्हेंबरला घंटा वाजली, बंगळुरूच्या पथकाने ती पाहिली, आणि मिनिअ‍ॅपोलिसच्या मुख्य कचेरीला कळविली. मुख्य कचेरीत काही हालचाल झाली नाही. कंपनीनेही पुढे मान्य केले की इशाऱ्यांचा विचार झाला होता, परंतु तातडीने काही करण्याजोगे त्यात आहे असे वाटले नाही. केंब्रिजहून आलेल्या फोनवर विश्वास न ठेवणारा टेलिफोनवाला श्रोत्यांना येथे आठवेल. पहारा एका खंडावर, दार दुसऱ्या खंडावर, आणि दार लावण्याचा हुकूम पहारेकऱ्याच्या हाती नाही. आपल्या देशातील शेकडो तरुण अशा रीतीने परक्यांच्या वेशी राखतात. त्यांची नजर तयार होते, अधिकार मात्र तयार होत नाही. आणि आमच्या समजुतीप्रमाणे या धंद्यात माणसे लवकर विटतात त्याचे एक मोठे कारण रात्रपाळीपेक्षा हे आहे.

चोराला हे सर्व ठाऊक असते. तो दारापेक्षा पंचांग पाहतो. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे उदाहरण घ्या. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुटी. चोरांनी बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ आज्ञा धाडल्या. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर. ढाक्याच्या कचेरीतील पोचपावत्या छापणारे यंत्र त्यांनी आधीच गप्प केले होते. सकाळी ते चालत नाही असे दिसले, तेव्हा नेहमीचा बिघाड असेल असे वाटले. शनिवारी चोरीचा उलगडा होऊ लागला तो न्यूयॉर्कला सुटी. सोमवारी ८ फेब्रुवारीला फिलिपाइन्समध्ये चिनी नववर्षाची सुटी. अशा चार दिवसांत तीन देशांची दारे एकामागून एक बंद होती, आणि ८ कोटी १० लक्ष डॉलर मनिलाच्या एका बँकेतून निघून गेले. दोन कोटी श्रीलंकेला चालले होते; त्या आज्ञेत ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते, ते मधल्या बँकेतील कोणाच्या तरी डोळ्यांना खटकले आणि ती रक्कम वाचली. इतक्या यंत्रांतून जे निसटले ते एका जाग्या कारकुनी नजरेने पकडले.

पुढच्याच वर्षी, २७ जून २०१७ रोजी, युक्रेनच्या संविधान दिनाच्या सुटीच्या आदल्या दिवशी, तेथील एका हिशेबाच्या प्रोग्राममधून विध्वंसक कीड सोडण्यात आली. ती मर्स्क या जहाज कंपनीत शिरली, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. उरणच्या रस्त्यावर ट्रक अडकले ते युक्रेनमधील भांडणामुळे. त्या कंपनीला दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

आणि मग पुणे. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. या शहरातील किती घरांचे तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे हे निराळे सांगावयास नको. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी एटीएमच्या मागण्यांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली बनावट यंत्रणा उभी केली. कोणी कोठेही कार्ड घातले की खऱ्या खात्याला न विचारताच होकार जाई. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून, आणि थोड्या प्रमाणात कोल्हापूरसारख्या आपल्याच गावांतून, मिळून सुमारे ८० कोटी रुपये निघाले. १३ ऑगस्टला स्विफ्टच्या मार्गाने १३ कोटी ९२ लक्ष हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी. योगायोग असा की, आदल्याच दिवशी, शुक्रवारी, अमेरिकेच्या संघीय पोलिसांनी बँकांना गोपनीय इशारा दिला होता की, येत्या काही दिवसांत जगभर एकाच वेळी एटीएम रिकामी करण्याचा बेत दिसतो. इशारा अचूक होता. जगातील कोणत्या गावी, हे मात्र त्यात नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा दिल्या. ते येथल्या यंत्रांतून पैसे काढणाऱ्या टोळीतले होते. दूर बसून बनावट यंत्रणा चालविणारे न्यायासनासमोर आलेच नाहीत.

या चोरीपूर्वी रिझर्व्ह बँक काही स्वस्थ बसली होती असे नाही. २ जून २०१६ च्या परिपत्रकाने तिने बँकांना अहोरात्र चालणारे पहाऱ्याचे केंद्र उभारण्यास आणि विपरीत काही घडल्यास दोन ते सहा तासांत कळविण्यास सांगितले होते. परंतु ते परिपत्रक शेड्यूल्ड कमर्शियल बँकांसाठी होते. नागरी सहकारी बँकांसाठी पहिली चौकट आली ती १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे पुण्यातील प्रकारानंतर दोन महिन्यांनी. आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी या बँकांच्या चार पायऱ्या पाडण्यात आल्या. स्वतःचा एटीएम स्विच आणि स्विफ्टची जोडणी असणाऱ्या, किंवा इतर बँकांचे संगणक सांभाळणाऱ्या अशा वरच्या पायरीवरील बँकांना असे केंद्र सक्तीचे झाले. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशाने सर्ट-इननेही सर्वांना सहा तासांची मुदत घातली, १८० दिवसांच्या नोंदी जपण्यास सांगितले, आणि सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळविण्यास सांगितले. शेवटचे कलम वाचून कोणी हसेल. परंतु दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असला तर चोर आधी कोणत्या दाराने आला हेच ठरत नाही.

आता तो खुर्चीचा हिशेब पुन्हा घ्यावा. तालुक्याच्या गावातील तीस-चाळीस नोकरांच्या बँकेने एका खुर्चीसाठी पाच माणसे ठेवावीत असे म्हणणे व्यर्थ आहे. म्हणून अनेक बँका मिळून एका कंपनीचा पहारा भाड्याने घेतात, आणि एकाच खोलीतील तीच दोन-तीन माणसे रात्री अनेक बँकांच्या वेशी पाहतात. त्यांना परवानगी असते ती फोन करण्याची. तो फोन रविवारी पहाटे तीन वाजता बँकेत कोण उचलतो, आणि उचलणाराला व्यवस्थापकाला न उठविता एटीएमची यंत्रणा बंद करण्याचा अधिकार लेखी दिलेला आहे की नाही, हा प्रश्न बँकेच्या वार्षिक सभेत भागधारकाला विचारता येतो. आमच्या श्रोत्यांत भागधारक पुष्कळ आहेत, आणि सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरतात.